विजारीला चिकटलेले रान

दसरा उलटला, पावसाने पाठ फिरवली आणि उन्हाला ती ओळखीची पिवळी धार आली की आपल्याकडच्या रानवाटा पिकायला लागतात. पिकणे हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. बाजरी पिकली, सोयाबीन निघाले, तर त्याचे भाव वर्तमानपत्रात छापून येतात. बांधावरचा आघाडा, पडीक जागेतला शंकेश्वर, माळावरचे कुसळी गवत हीही याच महिन्या-दोन महिन्यांत पिकतात. पण त्यांची दखल कोणी घेत नाही. गंमत अशी की त्यांची कापणी आपणच करतो. विजारीच्या टोकाने करतो, साडीच्या काठाने करतो, मोज्यांनी करतो. नंतर तो माल स्वतःच्या अंगावर वाहून नेण्याची हमालीही आपलीच. आणि घरी पोचल्यावर ओट्यावर बसून, कपाळाला आठ्या घालून, एकेक बोंड उपटून अंगणात भिरकावतो, तेव्हा पेरणीही आपल्याच हातून होते. एवढे करून त्यांना आपण म्हणतो तण, आणि स्वतःला म्हणतो मालक!

बी पसरवण्याचे झाडांचे निरनिराळे मार्ग आपण सगळेच शाळेत शिकलो आहोत. रुईची म्हातारी वाऱ्यावर जाते, नारळ पाण्यावर तरंगत जातो, तेरड्याची शेंग हात लागताच फुटते, जांभूळ पाखरे खातात आणि बी दूर कुठे तरी टाकतात. मी छत्तीस वर्षे बँकेत काढली, त्यामुळे कुठलाही व्यवहार दिसला की डोळ्यांपुढे जमा आणि नावे अशा दोन बाजू उभ्या राहतात. जांभळाचा हिशेब चोख आहे. त्याने गर दिला, पाखराने बी पोचवले, खाते पूर्ण. आघाडा मात्र देत काहीच नाही. ना रंग, ना गोडी, ना वास. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगाला नुसता लटकतो आणि बिनतिकिटाचा पुढच्या गावी जातो.

यावरून त्याला लबाड म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा. पण त्याची सांपत्तिक स्थितीही पाहायला हवी. गर तयार करायला साखर लागते, पाणी लागते, वेळ लागतो. मुरमात, भिंतीच्या बुडाशी, रस्त्याच्या कडेच्या खडीत उगवणाऱ्या झाडाला हे ऐश्वर्य परवडणार कुठून? त्याच्यापाशी भांडवल एवढेच की फळाच्या टोकाला एक काटा किंवा आकडा काढावा, नाही तर अंगावर थोडा चीक आणावा. तेवढ्यावर ते पिढ्यान्‌पिढ्या संसार करते.

आघाड्याची बांधणी एकदा बैठक मारून पाहण्यासारखी आहे. हात-दीड हात उंच सरळ दांडा, त्यावर बारीक हिरवट फुले खालून वर उमलत जातात. फूल मिटून फळ धरले की ते मान टाकून दांड्याला चिकटून खालच्या बाजूला वळते. बाहेरून अणकुचीदार टोके. दांड्यावरून हात वरून खाली फिरवला तर काही वाटत नाही. खालून वर नेला की टोके रुततात आणि फळे सुटून हाताबरोबर येतात. त्याच्याकडे वळून पाहायची आपल्याला गरज नसते, त्याला मात्र आपण जवळून गेलो एवढे पुरते.

शंकेश्वर त्याहून हिशेबी. कुठे त्यालाही गोखरूच म्हणतात. सुपारीपेक्षा लहान, अंगभर आकड्यांचे ते बोंड आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या वाटेवर मित्राच्या पाठीत किंवा पुढच्या बाकावरच्या वेणीत फेकलेले असते. (वेणीत फेकलेले काढताना केस कापावे लागत, आणि मग संध्याकाळी घरी जी वरात येई तिचे वर्णन नको.) या बोंडात दोन कप्पे आणि दोन बिया असतात. दोघी एकदम रुजत नाहीत. एक पहिल्या पावसाला उठते. दुसरी निजून राहते आणि पुढच्या एखाद्या वर्षी उगवते. पहिल्या वर्षी दुष्काळ पडला, कुणी खुरपून टाकले, गुरांनी तुडवले, तरी घराण्याचे नाव चालवायला दुसरी शिल्लक. एक बी बचत खात्यात आणि एक मुदत ठेवीत, असे मी म्हणतो. आमच्याकडे येणाऱ्या भल्याभल्या पगारदारांना हे गणित आयुष्यभर समजावून सांगावे लागे.

याच शंकेश्वराने शास्त्रज्ञांना एक मोठी गोष्ट शिकवली, ती फारशी कोणाला ठाऊक नसते. झाडे ठरावीक ऋतूतच का फुलतात, या प्रश्नामागे लागून १९३८ साली हॅमनर आणि बॉनर या दोन अमेरिकन संशोधकांनी शंकेश्वरावर प्रयोग केले. हे झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजते, असे त्यांना आढळले. पुरेशी लांब आणि अखंड काळोखाची एक रात्र मिळाली तरी त्याला फुलण्याचा इशारा पुरतो. त्याच रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला तर तो इशारा मोडतो. ज्याला आपण उकिरड्यावरचे म्हणतो त्याच्याकडे काळोखाचे घड्याळ आहे. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. नदीकाठच्या गाळात उगवलेली त्याची दोन पानांची कोवळी रोपे गुरांना विषारी असतात, आणि ती खाऊन जनावरे दगावतात. कौतुक करताना हे झाकून ठेवणे बरोबर नाही.

बाकीच्या मंडळींची ओळख धावतीच करून देतो. सराटा म्हणजे खरे गोखरू, दशमुळांतले एक. जमिनीला पसरलेले, पिवळ्या फुलाचे. त्याच्या फळाच्या पाच फाका होतात, आणि फाक कशीही पडली तरी एखादा काटा वर राहतो. मराठवाड्यात सायकलवर हिंडलेल्या माणसाला सराट्याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. कुसळी गवताच्या बीला पीळदार शेपूट असते. उन्हाने ते वळते, दवाने उलगडते, आणि असे वळत-उलगडत बी जमिनीत गिरमिटासारखे शिरते. जमीन मिळाली नाही तर मेंढीच्या कातडीतही शिरते. वाघनखी मूळची मेक्सिकोकडची. काळे, दोन वाकड्या नख्यांचे तिचे बी गुरांच्या खुरात अडकून हिंडते आणि मुले त्याला विंचू म्हणतात. घेटुळी, म्हणजे वैद्यांची पुनर्नवा, काटे वापरत नाही. तिच्या इवल्या फळांवर चिकट ठिपके असतात. उन्हाळ्यात ती वर दिसेनाशी होते, खाली मूळ जिवंत राहते, पहिल्या सरीला पुन्हा नवी होते. चित्रकाच्या पांढऱ्या फुलाच्या खालचा पेला चीक लावलेला असतो, तो फळासकट बोटाला चिकटून येतो. आणि पिवळी तिळवण तर खोडापासून शेंगेपर्यंत सगळीच चिकट; तिच्या अंगाला लहानसहान किडे चिकटून मरतात. तिच्या बिया काही ठिकाणी मोहरीसारख्या फोडणीत घालतात.

आपल्या भाषेने या चिकटपणाला फार दुटप्पी वागवले आहे. पैसा न सोडणारा माणूस चिकट, उठायचे नाव न घेणारा पाहुणा चिकट. पण तोच गुण अभ्यासात दिसला की चिकाटी! आणि मध्यमवर्गीय मराठी घरात नोकरी लागणे म्हणजे चिकटणेच. १९८३ साली माझी बँकेत निवड झाली तेव्हा वडिलांनी गल्लीत सांगितले ते, "चिकटला एकदाचा." त्या एका शब्दात किती सुटकेचा निःश्वास होता, हे आज मुलांना समजावून सांगता येत नाही. मुरमात उगवलेल्यांना कशाला तरी चिकटावेच लागते. आपली पिढी बरीचशी मुरमात उगवलेली होती.

बँकेतल्या पहिल्या दहा-बारा वर्षांत माझा मुक्काम बहुतेक ग्रामीण शाखांत होता. विहिरीचे कर्ज, पाइपलाइनचे कर्ज, पीककर्ज. आणि प्रत्येक कर्जामागे पाहणी. आमचे एक वरिष्ठ होते, त्यांची पद्धत मला अजून आठवते. पाहणीचा अहवाल टेबलावर आला की ते तो उघडायच्या आधी आणणाऱ्याच्या विजारीकडे बघत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रानातली विहीर पाहून आलेल्या माणसाच्या घोट्यापाशी चार आघाडे आणि दोन कुसळे नसतील, तर ती विहीर त्याने डांबरी सडकेवरून पाहिली किंवा चहाच्या टपरीवरच पाहिली, असा त्यांचा सरळ निष्कर्ष असे. "तुमची सही राहू द्या, आघाड्याची सही कुठे आहे?" असे ते विचारत. विनोद वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण त्या शाखेत बुडीत कर्जे कमी होती, हेही नोंदवतो. आता पाहणीचे फोटो मोबाइलवर काढतात आणि जागेचे अक्षांश-रेखांश त्यावर आपोआप उमटतात. सोय मोठी आहे, नाकारत नाही. पण फोटोत विहीर दिसते, विहिरीपर्यंतची वाट दिसत नाही. वाटेत भेटलेला शेजारचा शेतकरी, त्याने सहज सांगितलेली भावकीतली भांडणे, दुसऱ्याच्याच मोटारीवर चाललेले पाणी, यांतले काहीच दिसत नाही. चालणारा अधिकारी ते सगळे विजारीला चिकटवून आणत असे.

त्याच काळात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली मेंढ्यांसाठी कर्जे दिली जात. मेंढीच्या कानात विम्याचा बिल्ला मारायचा, नोंद करायची आणि वर्षाने पाहणीला जायचे. गेले की कळप जागेवर नाही! दिवाळीनंतर देशावरचे धनगर मेंढरे घेऊन घाट उतरतात, कोकणातल्या कापलेल्या भातखाचरांत मेंढरे बसवतात आणि पावसाच्या तोंडावर परततात, हे ज्या साहेबांना माहीत नसे ते कर्जदार फरार असा शेरा मारून मोकळे होत. असाच एकदा कळप परत आल्यावर मी पाहणीला गेलो होतो. एक म्हातारे धनगर मेंढीच्या पोटाखालची लोकर चाचपून बोंडे काढत बसले होते. मी विचारल्यावर म्हणाले, "सायब, मेंढराला लांडगे दोन. एकाला दात असत्यात, एकाला आकडे. दाताचा रातच्याला येतो, त्याला कुत्री हायती. ह्या दुसऱ्याला काय करता?" बोंडे अडकलेल्या लोकरीला भाव कमी मिळे. कातरणी झाली की घरातल्या बायका तासन्‌तास ती वेचत बसत. घोंगडीत राहिलेले एखादे कुसळ पाठीला लागले की मला अजूनही त्या बोटांची आठवण होते. आज दख्खनी मेंढीच्या त्या जाड लोकरीला फारसे गिऱ्हाईकच उरले नाही, ही वेगळी रड.

मेंढीच्या अंगावरून झाडे किती दूर जातात याचे एक नामी उदाहरण स्कॉटलंडमधले आहे. ट्वीड नदीच्या खोऱ्यात गालाशील्स हे लोकरीच्या गिरण्यांचे गाव. तिथे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका अशा दूरदूरच्या मुलखांतून लोकर येई आणि धुतली जाई. लोकरीत अडकलेल्या बिया पाण्याबरोबर नदीत जात आणि काठावरच्या वाळूत रुजत. आयडा हेवर्ड या बाईंनी जॉर्ज ड्रूस यांच्या सोबतीने या पाहुण्या झाडांची नोंद ठेवली. १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात अशा ३४८ जाती आहेत. बोटीने समुद्र ओलांडून, यंत्रातून पिळून निघून, थंड नदीच्या काठी पुन्हा डोके वर काढणारे हे गवत! आपल्याकडे घाट उतरणाऱ्या आणि चढणाऱ्या कळपांनी, बाजाराला चाललेल्या बैलांनी, कार्तिकीला पायी निघालेल्या दिंड्यांनी काय काय कुठून कुठे नेले असेल, त्याची अशी वही कुणी ठेवली असती तर मी ती आधी विकत घेतली असती.

स्वित्झर्लंडमधल्या जॉर्ज द मेस्त्राल या अभियंत्याची गोष्ट मात्र सगळ्यांच्या परिचयाची आहे. १९४१ साली तो कुत्र्याला घेऊन डोंगरात फिरून आला, कुत्र्याच्या केसांत आणि स्वतःच्या कपड्यांत अडकलेली तिकडच्या एका तणाची बोंडे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि त्या आकड्यांवरून पुढे वेल्क्रो तयार केले. १९५५ मध्ये त्याचे पेटंट झाले. चांद्रमोहिमांच्या यानांतही ते वापरले गेले. माझ्या वयाच्या वाचकांना ते अधिक घरगुती ठिकाणी भेटते. डॉक्टर रक्तदाब तपासून झाल्यावर दंडावरचा पट्टा चर्रर्र करून ओढतात ना, तेच.

हे सारे आठवण्याचे कारण आमची गृहनिर्माण संस्था. शहराच्या कडेला आमच्या चार इमारती आहेत. मागच्या बाजूला कुंपणाला लागून दहा-बारा फूट रुंदीची मोकळी पट्टी. गेल्या श्रावणापर्यंत तिथे आघाडा होता, घेटुळी होती, टाकळा होता, कोपऱ्यात चित्रक होता. सापांची भीती, डासांची भीती आणि 'लूक' या तीन कारणांनी समितीने ठराव केला. माणूस आला, पाठीवर पंप, तोंडाला फडके नाही, हातात मोजे नाहीत. पट्टीवर तणनाशक फवारून गेला. चार दिवसांत सगळे पिवळे, आठ दिवसांत तपकिरी. ज्या आठवड्यात हे झाले त्याच आठवड्यात हरतालिका आणि गणपती आले. आमच्याच इमारतीतल्या सात-आठ बिऱ्हाडांनी मंडईतून पत्रीच्या जुड्या आणल्या, आणि प्रत्येक जुडीत दोन काड्या आघाडा होता. वीस रुपये मोजून आणलेला. खाली फुकट होता तो आपण विष घालून मारला, असे मी एका शेजाऱ्यांना म्हणालो तर ते म्हणाले, "काका, तो वेगळा असेल हो. पूजेचा आघाडा वेगळा असतो."

वेगळा नसतो! तोच तो. श्रावणात जिवतीला आघाडा-दुर्वांची माळ घालतात तो हाच, गणपतीच्या एकवीस पत्रींतला अपामार्ग हाच, ऋषिपंचमीला बायका ज्याच्या काडीने दात घासतात तोही हाच, आणि नवग्रहांच्या होमात बुधाची समिधा म्हणून जातो तोही. अपामार्ग म्हणजे पुसून काढणारा, झाडून टाकणारा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या दुसऱ्या अध्यायाचे नाव अपामार्गतण्डुलीय आहे, ते याच्या बियांवरून. मूळव्याध-भगंदरावर वैद्य क्षारसूत्र बांधतात त्या दोऱ्याला याच्याच राखेचा क्षार लावलेला असतो. एवढ्या प्रतिष्ठेच्या माणसाला आपण दारात ओळखत नाही. मंडईत जुडी बांधून, दोरा गुंडाळून आला की ओळखतो. ज्यांनी पत्रीची यादी केली त्यांनी दुर्मीळ, महागडी झाडे निवडली नाहीत. गल्लीच्या टोकाला, ओढ्याच्या काठाला, गरिबातल्या गरिबाला मिळेल तेच बहुतेक घेतले, याचा अर्थ मी तरी असा लावतो की पूजेच्या आधी माणसाने एकदा घराबाहेर पडून आपल्या आसपास काय उगवते ते पाहावे. पत्री विकणाऱ्या एका बाईंना मी विचारले, कुठून आणता? त्या म्हणाल्या, पूर्वी टेकडीच्या पायथ्याला मिळायचं, आता पहाटेची एस.टी. धरून दोन गावं पलीकडे जावं लागतं. तिथंही बांधांवर फवारणी झालेली असली तर रिकाम्या हातानं परत. देवाला वाहायचं, औषध मारलेलं कसं आणू, असेही त्या म्हणाल्या. आमच्या समितीतल्या कुणाला हा प्रश्न पडला नव्हता.

फवारलेल्या पट्टीवर पुढे काय झाले ते आता डोळ्यांनी दिसते. दोन पावसांनंतर तिथे पहिल्यांदा कोण आले असेल तर गाजरगवत. अमेरिकेकडचे हे तण १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेस आले आणि नंतर देशभर पसरले. ते आकड्यांवर अवलंबून नाही, त्याचे हलके बी वाऱ्याने, पाण्याने, मातीच्या ट्रकमधून, कशानेही जाते, आणि उघडी पडलेली जमीन दिसली की ते धावते. त्याने अंगाला खाज सुटते, परागांनी दम्याच्या रुग्णांचे हाल होतात. म्हणजे टोचणारा पण निरुपद्रवी शेजारी घालवून आपण न टोचणारा पण आजारी पाडणारा शेजारी आणला. चित्रकही गेला. झेब्रा ब्लू नावाचे एक चिमुकले, पट्ट्यापट्ट्यांचे फुलपाखरू चित्रकावर अंडी घालते. आमच्या जिन्याच्या खिडकीशी ते दिसे, तेही आता दिसत नाही.

शेतकऱ्यांना मी यातले काही ऐकवणार नाही. सोयाबीनच्या किंवा कापसाच्या ओळीत उगवलेले तण पिकाच्या तोंडचा घास काढते. खुरपणीला माणसे मिळत नाहीत, मिळाली तर एका आठवड्यात सगळ्यांनाच हवी असतात, आणि पावसाची उघडीप चार दिवसांची. अशा वेळी पंप पाठीला लावणाऱ्याला शहरात बसून शहाणपण शिकवणे सोपे आहे. ग्लायफोसेट हे तणनाशक फवारण्यावर केंद्र सरकारने २०२२ साली निर्बंध घातले, त्यावरही दोन्ही बाजूंनी बोलले गेले. तो वाद मोठा आहे आणि या लेखाचा नाही. माझे म्हणणे पिकाच्या ओळीविषयी नाही, बांधाविषयी आहे. पिकात विळा-खुरपे चालायचे तेव्हाही बांध गुरांना, मेंढरांना, औषध शोधणाऱ्या वैदूला आणि भाजी खुडणाऱ्या बायकांना मोकळा असे. आता बांध कोरून कोरून आधीच वीतभर उरला आहे, आणि त्या वितीवरही फवारा जातो, कारण पंपात औषध शिल्लक असते. धनगराच्या वाटेवरचा चारा असा संपतो.

आणि शहरातल्या सोसायटीला तर खुरपणीच्या मजुरीची अडचणही नाही. सापाची भीती खरी आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. पण साप येतो तो उंदरांमागे, आणि उंदीर येतात ते आमच्याच कचऱ्याच्या डब्यांमागे. डास साठलेल्या पाण्यात होतात. आमच्या पट्टीत पाणी साठत नव्हते, गच्चीवरच्या कुंड्यांखालच्या ताटल्यांत साठते. उरला 'लूक'. त्यावर काय बोलायचे? आता समितीचा विचार पट्टीवर सिमेंटचे पेव्हर ब्लॉक बसवण्याचा आहे.

मध्यंतरी माझी आठ वर्षांची नात आली होती. तिला घेऊन मी मागच्या टेकडीवर गेलो. परत येताना तिच्या मोज्याला पाच-सहा आघाडे लागलेले. ती जागच्या जागी थबकली आणि विचारते, "आजोबा, हे चावतंय का?" आठ वर्षांच्या मुलीच्या अंगाला कधीही काही चिकटलेले नाही! शाळेची बस दारात, खेळायला रबराचे अंगण, बागेत दोरी लावलेली हिरवळ. तिला मी पायरीवर बसवले आणि काढायला शिकवले. ओढायचे नाही, टोकाच्या उलट्या बाजूने ढकलायचे. तिने सगळी काढली, एक ठेवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सोबतच्या मुलीच्या फ्रॉकला लावून दिले. तिच्या आईने फोनवर तक्रार ऐकली, ती मला आनंदाने ऐकवली गेली नाही, हे उघड आहे.

लहान मुलांच्या कपड्यांना कुसळे लागत नाहीत याचा अर्थ आपली वस्ती स्वच्छ झाली असा लावायला माझे मन तयार नाही. ती पायवाटेने जात नाहीत, एवढाच तो अर्थ आहे. चिकटणाऱ्या झाडाला पायी जाणारा कुणी तरी लागतो. बैल, मेंढी, कुत्रा, शाळेत जाणारा पोरगा, पाहणीला निघालेला बँकेतला साहेब. मोटारीच्या पत्र्याला आघाडा लागत नाही. फरशीवर सराटा रुजत नाही. म्हणून या झाडांची गणती कधी कुणी करायला बसलाच तर त्याने झाडे मोजू नयेत, संध्याकाळी घरी आलेल्या मुलांचे मोजे तपासावेत.

समितीला मी लेखी अर्ज दिला आहे. मागण्या तीनच आहेत. पट्टीवर ब्लॉक बसवू नयेत. तणनाशक फवारू नये, त्याऐवजी वर्षातून दोनदा, एकदा आषाढात आणि एकदा दिवाळीनंतर, माणूस लावून गवत कापून घ्यावे आणि गाजरगवत फुलण्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटावे. आणि कोपऱ्यातला चारेक हात तुकडा मुळीच हात न लावता ठेवावा. खर्चाचा तक्ता सोबत जोडला आहे. ब्लॉकच्या खर्चाच्या व्याजातच गवत कापणाऱ्याची मजुरी निघते, हे मी तीन वेळा तपासून पाहिले आहे. सचिवांनी अर्ज दाखल करून घेतला. वार्षिक सर्वसाधारण सभा येत्या महिन्यात आहे आणि हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नवव्या क्रमांकावर आहे; आठवा लिफ्टच्या दुरुस्तीचा, त्यामुळे आमचा विषय येईपर्यंत सभागृहात किती जण उरतील ते सांगता येत नाही. मी मात्र शेवटपर्यंत बसणार आहे.